माझ्या मीटिंगमध्ये बेडूक म्यूट झाले! मग एवढ्या गोंगाटात ते एकमेकांना ऐकतात कसे?

गेल्या जुलैत मी चार दिवस कोकणात काकांच्या घरी बसून काम करत होतो. घराला लागूनच भाताचं खाचर आहे. रात्री नऊची मीटिंग होती. बाहेर धो धो पाऊस, आणि खाचरातून बेडकांचा एवढा गोंगाट की शेजारी बसलेल्या काकांशीही मोठ्याने बोलावं लागत होतं. मी टीमला आधीच सांगून टाकलं, "सॉरी हां, मागे बेडकांचा खूप आवाज आहे."

पलीकडून उत्तर आलं, "कुठले बेडूक? तुझा आवाज एकदम क्लिअर येतोय."

कारण सोपं होतं. मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये नॉईज सप्रेशन चालू होतं. ते सॉफ्टवेअर माणसाच्या आवाजाचे आणि इतर आवाजांचे असंख्य नमुने ऐकून शिकलेलं असतं. माणसाचं बोलणं ठेवायचं आणि बाकी सगळं दाबून टाकायचं, एवढंच त्याला कळतं. त्याच्या हिशोबाने पाऊस म्हणजे कचरा आणि बेडूकही कचराच.

मीटिंग संपल्यावर मी हे काकांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "अरे, तुझ्या मशीनला तो गोंगाट वाटला. पण बेडकीला त्यातलाच एक बेडूक बरोबर ऐकू येतो. नाहीतर दरवर्षी खाचरात एवढी पिल्लं आली असती का?"

हा प्रश्न डोक्यातून जाईना. माझ्या लॅपटॉपला जे करायला प्रोसेसर, मायक्रोफोन आणि लाखो आवाजांचं ट्रेनिंग लागलं, ते मुठीएवढा प्राणी कसा करतो? वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की आपण कम्युनिकेशनच्या तासाला जे शिकलो, त्यातलं बरंच काही बेडूक आपल्या कितीतरी आधीपासून वापरतायत. तेच आज सोप्या भाषेत सांगतो.

प्रॉब्लेम नेमका काय आहे?

बहुतेक जातींमध्ये नर ओरडतो आणि मादी ऐकते. नराच्या ओरडण्यात दोन निरोप असतात. मादीसाठी "मी इथे आहे, ये", आणि दुसऱ्या नरासाठी "ही जागा माझी आहे, लांब राहा". मादीला अंधारात, फक्त आवाजावरून, आपल्याच जातीचा नर शोधायचा असतो. चुकीच्या जातीकडे गेली तर त्या हंगामातली तिची अंडी वाया जाऊ शकतात. म्हणजे इथे मेसेज नीट पोचणं हा थेट पुढच्या पिढीचा प्रश्न आहे.

आता परिस्थिती बघा. एकाच डबक्यावर शेकडो नर, त्यात चार-पाच जाती, वर पाऊस, शेजारी ओढा आणि रातकिडे. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा पथकाच्या समोर उभं राहून रस्त्यापलीकडच्या मित्राला हाक मारून बघा, म्हणजे अंदाज येईल.

इंजिनियर लोक याला सिग्नल आणि नॉईजचं गुणोत्तर म्हणतात. तुम्हाला हवा असलेला आवाज म्हणजे सिग्नल, नको असलेला म्हणजे नॉईज. सिग्नल किती मोठा आहे यापेक्षा तो नॉईजपेक्षा किती वर आहे, यावर सगळं ठरतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने कमी होतो. त्यामुळे जवळचा नको असलेला बेडूक लांबच्या हव्या असलेल्या बेडकाला सहज झाकून टाकतो.

सगळ्यात पहिला उपाय अर्थातच जोरात ओरडणं. बेडूक फुप्फुसातली हवा स्वरयंत्रातून गळ्याखालच्या पिशवीत ढकलतो. त्या वेळी तोंड आणि नाकपुड्या बंद असतात. पिशवी फुगते, तिच्यातून आवाज बाहेर पसरतो आणि तीच हवा परत फुप्फुसात जाते. दर वेळी नवीन श्वास घ्यायची गरज नाही. पोर्तो रिको बेटावरचा कोकी नावाचा बेडूक जेमतेम काही सेंटीमीटरचा, पण अर्ध्या मीटरवरून त्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर भरतो.

पण नुसतं जोरात ओरडून भागत नाही. सगळेच जोरात ओरडले तर परत जैसे थे. शिवाय ओरडणं हे बेडकाच्या आयुष्यातलं सगळ्यात जास्त ताकद खाणाऱ्या कामांपैकी एक आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅटरी भराभर उतरते. म्हणून बाकीचे उपाय लागतात.

उपाय १ : चॅनेल बदला

तुमच्या घरच्या वाय-फाय राऊटरवर दोन बँड असतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. बिल्डिंगमध्ये सगळ्यांचे राऊटर २.४ वर गर्दी करून बसले असतील तर तुम्ही ५ वर जाता. तिथे भिंतीपलीकडे रेंज कमी मिळते, पण गर्दीही कमी असते.

चीनच्या आन्ह्वे प्रांतात ह्वांगशान नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या खळाळत्या ओढ्यांकाठी ओडोराना टॉर्मोटा हा बेडूक राहतो. ओढ्याच्या पाण्याचा आवाज सतत चालू असतो आणि त्यातला जास्त जोर खालच्या फ्रिक्वेन्सीमध्ये असतो. या बेडकाने वरचा बँड पकडला. त्याची हाक ऐकायला पक्ष्याच्या शिट्टीसारखी वाटते, आणि तिचा काही भाग २०,००० हर्ट्झच्याही वर जातो. माणसाचे कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ एवढंच ऐकतात. त्याच्या वरचा आवाज म्हणजे अल्ट्रासाऊंड. वटवाघळं आणि डॉल्फिन तो वापरतात हे माहीत होतं, बेडकाकडून मात्र कुणाचीच तशी अपेक्षा नव्हती.

पण हाकेत अल्ट्रासाऊंड असणं वेगळं आणि बेडकाला तो ऐकू येणं वेगळं. मिक्सर चालू केला की जारही थरथरतो, म्हणून ते थरथरणं हा मिक्सरचा उद्देश होत नाही. म्हणून आल्बर्ट फेंग, पीटर नॅरिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी पण हुशार टेस्ट केली. त्यांनी हाकेचे दोन तुकडे केले. एकात फक्त आपल्याला ऐकू येणारा भाग, दुसऱ्यात फक्त अल्ट्रासाऊंड. दोन्ही तुकडे वेगवेगळे वाजवले. नुसत्या अल्ट्रासाऊंडलाही नर उलट हाका देऊ लागले. मेंदूतले सिग्नल मोजले तेव्हा या बेडकाची श्रवणशक्ती ३४,००० हर्ट्झपर्यंत जाते असं दिसलं. हे संशोधन २००६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलं.

यासाठी त्याचं हार्डवेअरही वेगळं आहे. बहुतेक बेडकांच्या कानाचा पडदा डोळ्यामागे थेट कातडीच्या पातळीवर दिसतो. याचा पडदा खोल खड्ड्यात बसवलेला आहे आणि खूप पातळ आहे. पातळ, हलका पडदा झपाट्याने थरथरू शकतो, म्हणून वरच्या फ्रिक्वेन्सी पकडतो.

पुढे २००८ मध्ये आणखी एक गोष्ट कळली. या जातीत मादीसुद्धा हाक देते. तिची हाक स्पीकरवर वाजवली तेव्हा नरांनी स्पीकरच्या दिशेने उडी मारली आणि दिशेतली सरासरी चूक एका अंशापेक्षाही कमी होती. आपल्या फोनचा होकायंत्र कधीकधी उत्तरेला पूर्व दाखवतो, हे आठवून मला जरा लाजच वाटली.

उपाय २ : आपली पाळी बघा

चॅनेल बदलणं सगळ्यांना जमत नाही. एकाच जातीच्या शंभर नरांची फ्रिक्वेन्सी साधारण एकच असणार. मग वेळ वाटून घ्यायची.

वाय-फायसुद्धा हेच करतं. तुमचा फोन डेटा पाठवण्याआधी हवेत दुसरं कुणी 'बोलतंय' का हे ऐकतो. कुणी बोलत असेल तर थांबतो, मग थोडा वेळ सोडून परत प्रयत्न करतो. दोघं एकदम बोलले तर दोघांचेही पॅकेट खराब होतात.

जपानच्या भातशेतीत जपानी झाडबेडूक असतो. इक्क्यू आयहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना प्रश्न पडला की शेतातल्या कोरसमध्ये कोण कधी ओरडतो? अंधारात शेकडो बेडकांतला एकेक ओळखणार कसा? त्यांनी आवाज आला की दिवा लागेल अशी छोटी यंत्रं बनवली, ती बांधावर रांगेने ठेवली आणि व्हिडिओ काढला. आवाज आता काजव्यांसारखा 'दिसायला' लागला. त्यातून कळलं की शेजारचे नर आळीपाळीने ओरडतात. एकाची हाक संपली की दुसऱ्याची.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात आणखी एक थर सापडला. थोड्या सेकंदांच्या हिशोबात बघितलं तर शेजारी एकमेकांना टाळून ओरडतात. पण जास्त वेळ बघितलं तर सगळे मिळून ओरडण्याची फेरी सुरू करतात आणि सगळे मिळून शांतही होतात. म्हणजे फेरीच्या आत पाळी, आणि दोन फेऱ्यांच्या मधे सगळ्यांची विश्रांती.

पुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. याच टीमने हा नियम वायरलेस सेन्सर नेटवर्कच्या मॉडेलमध्ये घातला. अशा नेटवर्कमध्ये बॅटरीवर चालणारे छोटे सेन्सर एकमेकांना डेटा पाठवत असतात आणि वर कुणी मॅनेजर नसतो. बेडकांचा नियम लावला तर शेजारचे सेन्सर आळीपाळीने डेटा पाठवतात, म्हणून पॅकेटची टक्कर कमी होते. सगळे मिळून झोपतात, म्हणून बॅटरी वाचते. भाताच्या खाचरातला प्रोटोकॉल थेट आपल्या फील्डमध्ये!

कोकीचंही असंच आहे. प्रयोगात त्याला मधेमधे छोट्या शांत फटी असलेला आवाज ऐकवला, तेव्हा त्याने आपली हाक बरोबर त्या फटींमध्ये बसवली. एसटी स्टँडवर अनाउन्समेंट थांबली की आपण पटकन फोनवर बोलून घेतो ना, तसंच.

उपाय ३ : मेसेजवर पत्ता लिहा

कोकीचं नाव त्याच्या हाकेवरूनच पडलं आहे. पहिला सूर 'को', दुसरा 'की'. पीटर नॅरिन्स आणि रॉबर्ट कॅप्रानिका यांनी १९७६ मध्ये दाखवलं की हे दोन सूर दोन वेगळ्या श्रोत्यांसाठी आहेत. 'को' नरांसाठी, म्हणजे धमकी. 'की' माद्यांसाठी, म्हणजे आमंत्रण. नर आणि मादी यांचे कानही त्याप्रमाणे वेगळे ट्यून झालेले आहेत. एकाच पॅकेटमध्ये दोन मेसेज, आणि ज्याचा त्याने उघडायचा.

याच कॅप्रानिकांनी त्याआधी, १९६० च्या दशकात, अमेरिकन बुलफ्रॉगवर काम केलं होतं. या बेडकाच्या हाकेत दोन ठिकाणी जोर असतो, साधारण २०० हर्ट्झला आणि साधारण १,४०० हर्ट्झला. त्यांनी कृत्रिम आवाज तयार करून नरांना ऐकवले. दोन्ही जोर असतील तरच नर उत्तर देत. एकच असेल तर नाही. आणि मधे ५०० हर्ट्झच्या आसपास जास्त आवाज घातला तरीही नाही.

हे ऐकून तुम्हाला काय आठवलं? मला बँकेचं लॉगिन आठवलं. पासवर्डही पाहिजे, ओटीपीही पाहिजे आणि मधे काही संशयास्पद दिसलं तर व्यवहार रद्द. यामागे बेडकाच्या आतल्या कानाची रचना आहे. हवेतला आवाज टिपणारे त्यात दोन वेगळे अवयव असतात, एक खालच्या फ्रिक्वेन्सीसाठी आणि एक वरच्या. दोन्हीकडून 'हो' आलं की मेंदू म्हणतो, हा आपलाच.

उपाय ४ : रिसीव्हर सुधारा

आता येऊ या माझ्या नॉईज सप्रेशनकडे. बेडकाकडे तसं काही आहे का? आहे, आणि ते बसवलंय फुप्फुसात.

बेडकाच्या कानाच्या पडद्यावर आवाज बाहेरून तर पडतोच, पण आतूनही पडतो. मधला कान आणि तोंड रुंद नळीने जोडलेले असतात आणि तोंडातून वाट फुप्फुसापर्यंत जाते. बाहेरचा आवाज छातीवर आदळला की फुगलेली फुप्फुसं थरथरतात आणि ती थरथर आतून पडद्याच्या मागच्या बाजूला पोचते.

यामुळे दिशा कळायला मदत होत असेल, असं बरीच वर्षं वाटत होतं. नॉर्मन ली, मार्क बी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या हिरव्या झाडबेडकाच्या पडद्याची थरथर लेझरने मोजली. एकदा फुप्फुसं फुगलेली असताना, एकदा रिकामी असताना. २०२१ मध्ये आलेला निकाल अनपेक्षित होता. फुगलेल्या फुप्फुसांमुळे साधारण १,४०० ते २,२०० हर्ट्झ या पट्ट्यातला आवाज पडद्याला कमी जाणवू लागला. स्वतःच्या जातीच्या हाकेतले दोन जोर या पट्ट्याच्या खाली आणि वर आहेत, त्यांना धक्काच लागला नाही.

मग या मधल्या पट्ट्यात ओरडतं तरी कोण? त्यासाठी त्यांनी लोकांनी वर्षानुवर्षं नोंदवलेला बेडकांचा डेटा काढला. हिरव्या झाडबेडकाच्या आसपास नेहमी ओरडणाऱ्या इतर जातींपैकी अनेकांच्या हाका बरोबर याच पट्ट्यात पडतात असं दिसलं. म्हणजे फुप्फुसं शेजाऱ्यांचा आवाज कमी करतात. संशोधकांनी स्वतःच याची तुलना नॉईज कॅन्सलिंग हेडफोनशी केली आहे.

हेडफोनमध्ये काय होतं? बाहेरचा मायक्रोफोन नॉईज ऐकतो, चिप त्याची उलटी लहर बनवते आणि दोन्ही लहरी एकमेकींना मारतात. बेडकात बाहेरून आलेली लहर आणि फुप्फुसातून फिरून आलेली लहर पडद्यावर भेटतात. चिप नाही, चार्जिंग नाही.

माझ्या मीटिंगच्या अ‍ॅपपेक्षा हे कुठे वेगळं आहे तेही बघा. अ‍ॅप आवाज रेकॉर्ड झाल्यावर सॉफ्टवेअरने साफ करतं. बेडकाचा नको असलेला आवाज मेंदूपर्यंत पोचण्याआधी, पडद्यावरच कमी होतो.

उपाय ५ : जागा शोधा, नाहीतर पाय दाखवा

बोर्निओच्या जंगलात एक छोटा बेडूक झाडाच्या ढोलीत, साचलेल्या पाण्यात बसून ओरडतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एका ठराविक सुराला ती घुमते. पाणी कमी-जास्त केलं की सूर बदलतो. ढोलीचंही तसंच. संशोधकांनी या बेडकाला कृत्रिम खोडात ठेवून पाण्याची पातळी हळूहळू बदलली. बेडूक आधी वेगवेगळे सूर लावून बघायचा आणि ढोली घुमते तो सूर सापडला की तोच धरून जास्त वेळ ओरडायचा. हे काम २००२ मध्ये 'नेचर'मध्येच आलं होतं. पैसे न देता मिळालेला अँप्लिफायर!

ओढ्याचा आवाज फारच असेल तर आणखी एक वाट आहे. आवाजासोबत हातवारे. इथे आपला सह्याद्री येतो. पश्चिम घाटात मायक्रिझॅलस नावाच्या गटातले चिमुकले बेडूक ओढ्यातल्या ओल्या दगडांवर बसतात. नर आधी हाक देतो, मग मागचा एक पाय लांब करून बोटं पसरून हवेत फिरवतो. म्हणून त्यांना नाचरे बेडूक म्हणतात. हाकेने लक्ष वेधायचं आणि पायाने निरोप पक्का करायचा. सत्यभामा दास बिजू आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये या गटातल्या एकदम १४ नव्या जातींची नोंद केली. आवाज कटत असेल तर आपण व्हिडिओ कॉलवर हाताने खुणा करतो, तेच हे.

पण आपल्या आवाजाचं काय?

वरचे सगळे उपाय पाऊस, ओढा, रातकिडे आणि इतर बेडूक यांच्या विरुद्ध हजारो पिढ्यांमध्ये तयार झाले. मोटारींचा आवाज त्या मानाने कालपरवाचा. तो बराचसा खालच्या फ्रिक्वेन्सीमध्ये असतो आणि रस्त्याशेजारच्या डबक्यावर रात्रभर थांबत नाही.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या आसपास कर्स्टन पॅरिस आणि सहकाऱ्यांनी तिथल्या एका तपकिरी झाडबेडकाच्या हाका तपासल्या. वाहनांचा आवाज जास्त असलेल्या ठिकाणी हा बेडूक किंचित वरच्या सुरात ओरडतो, असं २००९ मध्ये त्यांनी दाखवलं. वाटेल, चला, जमवून घेतलं. पण अनेक जातींमध्ये मादीला खालचा सूर आवडतो, कारण मोठ्या नराचा आवाज खालचा असतो. म्हणजे वर जावं तर ऐकू येईल पण कदाचित आवडणार नाही, खाली राहावं तर ऐकूच येणार नाही.

थायलंडमध्ये एका तळ्यावर विमान आणि मोटरसायकलचे आवाज असताना काय होतं ते बघितलं गेलं. तीन जातींचं ओरडणं कमी झालं. चौथीचं मात्र वाढलं, बहुधा बाकीचे गप्प झाल्यामुळे तिला जागा मिळाली. म्हणजे आपला आवाज सगळ्यांना सारखा त्रास देत नाही, तो कोरसची पूर्ण रचनाच बदलतो.

तैपेई शहरात मात्र एका झाडबेडकाने आपल्या बांधकामाचाच फायदा घेतला. हे नर पावसाच्या पाण्यासाठी बांधलेल्या काँक्रीटच्या गटारांत बसून ओरडतात आणि तिथून त्यांची हाक जास्त मोठी आणि लांब होते, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. पण प्रत्येकाला असं गटार मिळेलच असं नाही.

२०२३ च्या जागतिक आढाव्यानुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जातींना नामशेष होण्याचा धोका आहे. याची मोठी कारणं म्हणजे अधिवास नष्ट होणं, रोग आणि बदलतं हवामान. गोंगाट त्या यादीत वरच्या नंबरवर नाही. पण जिथे आधीच थोडे बेडूक उरलेत, तिथे त्यांची एकमेकांशी गाठ पडणंही अवघड करणं परवडणारं नाही.

तुमच्या खिशातल्या फोनने काय करता येईल?

ऑस्ट्रेलियन म्युझियमने २०१७ मध्ये फ्रॉगआयडी नावाचं अ‍ॅप काढलं. लोक फोनवर बेडकांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवतात आणि तज्ज्ञ ऐकून जात ओळखतात. २०१९-२० च्या भीषण वणव्यांनंतर कोणते बेडूक अजून ओरडतायत, याचा लवकरात लवकर अंदाज घ्यायला ही रेकॉर्डिंग्ज कामी आली. बेडूक हातात धरावा लागत नाही, शोधावाही लागत नाही. आवाज हीच नोंद.

आपल्याकडे आयनॅचरलिस्टवर फोटोसारखीच ऑडिओ फाइलही टाकता येते. या पावसाळ्यात करून बघायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा :

१. व्हॉइस नोट पाठवू नका. मेसेजिंग अ‍ॅप आवाज माणसाच्या बोलण्याच्या हिशोबाने दाबून लहान करतं. फोनचं रेकॉर्डर अ‍ॅप वापरा आणि क्वालिटी सगळ्यात वरची ठेवा. वेव्ह फॉरमॅट मिळत असेल तर उत्तम.

२. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये नॉईज रिडक्शन किंवा 'व्हॉइस' मोड असेल तर बंद करा. नाहीतर माझ्या मीटिंगसारखं होईल, बेडूकच गायब.

३. तीस सेकंद ते एक मिनिट पुरतं. आपण गप्प राहायचं, फोन स्थिर धरायचा आणि मायक्रोफोनवर बोट येऊ द्यायचं नाही.

४. तारीख, वेळ, ठिकाण आणि पाऊस चालू होता का, हे लिहून ठेवा. याशिवाय रेकॉर्डिंगचा अभ्यासाला फारसा उपयोग नाही.

५. रेकॉर्ड केलेला आवाज तिथेच स्पीकरवर वाजवू नका. त्या नराला वाटेल नवीन प्रतिस्पर्धी आला आणि त्याची ताकद उगाच खर्च होईल.

६. एकटे जाऊ नका, गमबूट घाला, टॉर्च पायापुढे ठेवा. जिथे बेडूक तिथे सापही येतात.

एक मर्यादा मात्र सांगायला हवी. फोन सहसा सेकंदाला ४८,००० वेळा आवाजाचं माप घेतो आणि अशा मापातून त्याच्या निम्म्या, म्हणजे २४,००० हर्ट्झपर्यंतच्याच लहरी पकडता येतात. म्हणून ह्वांगशानच्या त्या बेडकाची पूर्ण हाक साध्या फोनवर कधीच येणार नाही. खाचरातल्या बेडकांना मात्र फोन पुरेसा आहे.

आपण मराठीत सगळ्या बेडकांना मिळून एकच आवाज दिलाय, 'डराव डराव'. काकांच्या खाचरात दुसऱ्या रात्री मी नीट कान देऊन बसलो, तेव्हा मला किमान तीन वेगळे आवाज मोजता आले. एक बारीक टिकटिक, एक खरखर आणि लांबून येणारा तो नेहमीचा भसाडा. पुढच्या मीटिंगला मी नॉईज सप्रेशन बंद केलं आणि दोन मिनिटं सगळ्यांना ते ऐकवलं. मॅनेजर म्हणाले, "आता परत चालू कर, तुझं काही ऐकू येत नाहीये." त्यांचं बरोबर होतं. पण त्या वेळी खाचरात एखादी बेडकी त्याच आवाजातून नेमका एक नर निवडत असणार.